दुर्बिणीतून पोटातला जंतू दिसतो का?

वर्षानुवर्षे सकाळी उठून उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणारी माणसे आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला कधीतरी डॉक्टर ‘एच. पायलोरी’ या जंतूची शंका बोलून दाखवतात, दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात आणि मग प्रश्न सुरू होतात. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “नागपूरला एनबीआयवाली दुर्बीण आहे, तिच्यात जंतू सरळ दिसतो म्हणतात. मग यवतमाळात साध्या दुर्बिणीने कशाला करायची?” दुसऱ्या बाजूला, ‘एनबीआयखाली एच. पायलोरीसारखे बदल’ एवढ्या एका ओळीच्या आधारावर चौदा दिवसांची अँटिबायोटिक्स हाती पडलेली माणसे विचारतात, की तुकडा तपासलाच नाही, तर औषध घ्यायचे की नाही?

उत्तर आधी सांगतो. हा जंतू जेमतेम तीन मायक्रॉन लांबीचा असतो. दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणीतून, मग ती साधी असो की एनबीआयची, तो दिसत नाही. दिसतात ते त्याने जठराच्या आतल्या अस्तरावर केलेले बदल. एनबीआयच्या नव्या प्रकाशात हे बदल जास्त स्पष्ट दिसतात, आणि काही रुग्णांसाठी ते फार मोलाचे ठरते. तरीही जंतू आहे की नाही याचा निकाल तुकड्याची, श्वासाची किंवा शौचाची तपासणीच देते.

तुम्हाला दुर्बीण लागते का?

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असल्याचे मानले जाते. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात एकमेकांकडून किंवा दूषित पाण्यातून शिरतो. बहुतेकांना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. म्हणून ‘सगळ्यांनीच तपासून घ्या’ असा सल्ला मी देणार नाही. पुढीलपैकी काही असेल, तर मात्र दुर्बीण टाळू नका आणि लांबवूही नका:

- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखे काळे, चिकट, घाण वासाचे शौच (यात वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठा दवाखाना गाठायचा)
- घास गिळताना अडकणे
- प्रयत्न न करता वजन उतरणे, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे, वारंवार उलट्या
- कारण न सापडलेला रक्तक्षय
- आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर
- पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि न थांबणारी पोटाची तक्रार

वय कमी आहे, यातले काहीच नाही, फक्त जळजळ आणि आंबट ढेकर आहेत, तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते. ती पॉझिटिव्ह आली तर उपचार घ्यायचा, निगेटिव्ह आली तर जळजळीचे दुसरे कारण शोधायचे. लहान मुलांच्या अधूनमधून दुखणाऱ्या पोटासाठी तर या जंतूच्या मागे लागूच नये. बालरोगतज्ज्ञांनी खास कारणासाठी सांगितले तरच तपासणी करावी.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत कंबर, गुडघे धरतात आणि मजूर बाया-माणसे दुकानातून दुखण्याची गोळी घेऊन कामावर जातात. डायक्लोफिनॅकसारख्या या गोळ्या स्वतःच जठरात जखम करतात. त्यातून पोटात हा जंतू असेल तर अल्सरचा आणि रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना न विचारताही सांगा. पुष्कळदा ते विचारत नाहीत आणि आपण तिला औषध समजत नाही.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. जिल्ह्यातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत सिकलसेल आहे. अशा घरात हिमोग्लोबिन कमी आले की ‘सिकलसेलमुळेच’ म्हणून विषय संपवला जातो. पण त्याच माणसाला अल्सरमधून हळूहळू रक्त जात असू शकते, किंवा या जंतूमुळे लोह अंगी लागत नसू शकते. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर पोटाचा विचार करायला डॉक्टरांना सुचवा.

नव्या प्रकाशात काय दिसते

साध्या दुर्बिणीच्या टोकाला पांढरा प्रकाश असतो. एनबीआयमध्ये डॉक्टर दुर्बिणीच्या मुठीवरचे बटण दाबतात आणि निळ्या-हिरव्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे, साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे, अस्तरावर पडतात. रक्तातले हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी होऊन उठून दिसतात. एलसीआय नावाची दुसरी पद्धत लाल अधिक लाल आणि फिकट अधिक फिकट करते. बीएलआय, आय-स्कॅन ही अशाच सोयींची वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेली नावे आहेत. यात क्ष-किरण नसतात, वेगळे इंजेक्शन नसते, पोटात रंग फवारावा लागत नाही. दुर्बीण तीच असते, फक्त काही मिनिटे जास्त लागतात.

निरोगी जठराच्या मधल्या भागात बारीक शिरांचे ठिपके एकसारख्या अंतरावर ओळीने मांडलेले दिसतात. जवळून पाहिले तर प्रत्येक ठिपका ताऱ्यासारखा असतो. ही मांडणी शाबूत असेल तर त्या जठरात जंतू नसण्याची शक्यता बरीच असते. संसर्गात अस्तर सुजते आणि हे ठिपके झाकले जातात. सर्वदूर लाली, जाड झालेल्या घड्या, चिकट पांढुरका स्राव, कधी अंगावर काटा आल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. एलसीआयमध्ये संसर्ग असलेले अस्तर गडद लाल दिसते. जपानमधल्या तज्ज्ञांनी अशा खुणांची पद्धतशीर मांडणी केली, ती ‘क्योटो वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते. रिपोर्टमध्ये ‘क्योटो स्कोअर’ लिहिलेला असेल तर तो याच खुणांचा हिशेब आहे.

या प्रकाशाचा खरा उपयोग माझ्या मते पुढच्या टप्प्यावर आहे. वर्षानुवर्षे राहिलेल्या संसर्गाने जठराचे अस्तर झिजते (ॲट्रोफी) आणि काही ठिकाणी ते आतड्याच्या अस्तरासारखे बनते (इंटेस्टाइनल मेटाप्लासिया). हे कॅन्सरच्या वाटेवरचे, कॅन्सरच्या बरेच आधीचे बदल आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच या जंतूला कॅन्सरच्या निश्चित कारणांत धरले, ते याचमुळे. असे बदल पांढऱ्या प्रकाशात सहज निसटतात. एनबीआयमध्ये त्या जागांच्या कडेला फिकट निळी रेघ उमटते आणि तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते कळते. घरात जठराचा कॅन्सर झालेला असेल, किंवा आधीच्या रिपोर्टमध्ये ॲट्रोफी वा मेटाप्लासिया हे शब्द असतील, तर एनबीआयच्या सोयीसाठी नागपूरपर्यंतचा प्रवास सार्थ आहे. पहिल्यांदाच तपासणी असेल आणि असे काही नसेल, तर केवळ त्या तीन अक्षरांसाठी दोन महिने थांबण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी, नीट वेळ देऊन, तुकडे घेऊन केलेली साधी दुर्बीण चांगली.

दिसले तरी तुकडा का घ्यायचा

कपाशीची पाने लाल पडली की काहीतरी बिघडले हे बांधावरून कळते. पण मॅग्नेशियम कमी पडले की तुडतुडे लागले, हे ठरल्याशिवाय शहाणा शेतकरी फवारणी करत नाही. जठराच्या लालीचेही तसेच आहे. ती दुखण्याच्या गोळ्यांनी येते, दारूने येते, पित्त उलटे जठरात आल्यानेही येते. आधी बरा झालेला संसर्ग मागे खुणा ठेवून जातो. शिवाय या खुणा वाचणे सरावाचे काम आहे. दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते.

म्हणून दुर्बीण आत असतानाच तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडे घेतले जातात. अस्तराला दुखण्याची जाणीव नसल्याने ते कळतही नाही. ‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सरची शंका’ या भीतीने नाही म्हणू नका. तुकड्यांचे दोन उपयोग असतात:

- आरयूटी: तुकडा युरिया असलेल्या जेलमध्ये ठेवतात. जंतूचे एन्झाइम युरियाचा अमोनिया करते आणि पिवळा रंग गुलाबी होतो. अनेकदा तासाभरात कळते, कधी चोवीस तास लागतात.
- सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी: हिला काही दिवस लागतात, पण जंतूबरोबरच सूज, ॲट्रोफी, मेटाप्लासिया यांचाही निवाडा होतो.

तुकडे जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून घ्यायला हवेत. तपासणीआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: “तुकडे दोन्ही भागांतून घेणार ना?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तपासणी फसवणारी गोळी

चुकीच्या निगेटिव्ह रिपोर्टचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सकाळची तीच पित्ताची गोळी. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या जंतू मारत नाहीत, पण त्याला दबवतात आणि जठराच्या खालच्या भागातून वर सरकवतात. मग खालून घेतलेला तुकडा, श्वास, शौच सगळे निगेटिव्ह येते. रुग्ण निर्धास्त होतो, आणि गोळी थांबली की दुखणे परत येते.

- ज्या औषधाच्या नावाचा शेवट ‘प्राझोल’ असा आहे ते, आणि व्होनोप्राझॅन, तपासणीआधी दोन आठवडे बंद असावे. नाव पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते. तेच वाचा, वरचे ठळक नाव नाही.
- कोणतेही अँटिबायोटिक, मग ते दाताच्या किंवा घशाच्या दुखण्यासाठी का असेना, आणि बिस्मथ चार आठवडे बंद असावे.
- मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड चालते. फॅमोटिडीनबद्दल डॉक्टरांना विचारा.

हे सगळे डॉक्टरांशी बोलूनच करायचे. नुकताच अल्सरमधून रक्तस्राव झालेल्याने किंवा हृदयासाठी रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्याने गोळी आपल्या मनाने बंद केली तर जीवावर बेतू शकते. अशा रुग्णाची तपासणी गोळी चालू असतानाच होते आणि निगेटिव्ह आली तर नंतर पुन्हा करतात. रक्तस्राव ताजा असतानाही आरयूटी फसते, हे लक्षात असू द्या.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी बऱ्याच लॅबमध्ये होते आणि ‘पॅकेज’मध्ये घातलेली असते. जंतू गेल्यावरही ती अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते. तिच्यावर औषध ठरवू नका, आणि औषधानंतर तर ती करूच नका.

तपासणीच्या दिवशी

आदल्या रात्री हलके जेवण, त्यानंतर सहा ते आठ तास काही खायचे नाही. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत घोटभर चालते का, ते विचारून घ्या. झरी-जामणी किंवा उमरखेडहून पहाटे निघणाऱ्याने वाटेत चहा घेतला की तपासणी पुढे ढकलली जाते.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट बोलतो. त्या सकाळी खर्रा, तंबाखू, विडी काहीच नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षानुवर्षे खर्रा खाऊन तोंड उघडेनासे झालेले पुष्कळ तरुण आपल्याकडे आहेत. आरशासमोर उभे राहून पाहा. दातांच्या मधून दोन बोटे उभी जात नसतील तर हे नंबर लावतानाच सांगा. तोंडात बसवायची कडी बसली नाही तर ऐन वेळी परत यावे लागते. काही ठिकाणी नाकातून जाणारी बारीक दुर्बीण असते, तिची चौकशी करता येते.

आधी सांगायच्या गोष्टी:

- रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाची औषधे व इन्सुलिन (किती घ्यायचे ते त्या दिवसापुरते वेगळे ठरते)
- गरोदरपण, दमा, औषधांची ॲलर्जी, हलणारे दात किंवा कवळी
- सिकलसेल: लांबलेला उपास आणि उन्हातला प्रवास यांनी अंगातले पाणी कमी होते, गुंगीच्या औषधाने ऑक्सिजन खाली जाऊ शकतो, दोन्हींनी वेदनांचा झटका येऊ शकतो. सकाळचा पहिला नंबर मागा, सलाईन आणि ऑक्सिजनची तयारी आहे का विचारा.

घशात बधिर करणारा स्प्रे मारतात. गुंगीचे इंजेक्शन हवे असल्यास तसे सांगा. दुर्बीण अन्ननलिकेतून जाते, त्यामुळे श्वास अडकत नाही. डाव्या कुशीवर पडून नाकाने संथ श्वास घेत राहा. गुंगी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, म्हणून सोबत माणूस हवाच. पोटातला फेस घालवणारे औषध आधी पाजले तर अस्तर स्वच्छ दिसते. एनबीआयने पाहायचे असेल तर ते विशेष उपयोगी पडते. दुर्बीण प्रत्येक रुग्णानंतर जंतुनाशक द्रावणातून काढली जाते का, हे विचारायला संकोचू नका, कारण हाच जंतू नीट न धुतलेल्या दुर्बिणीतून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

जायचे कुठे

सुरुवात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून करा. तपासून घेणे, हिमोग्लोबिन आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथे मिळते. जिल्ह्यात यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वेकडच्या तालुक्यांना वर्ध्याजवळची सावंगी आणि सेवाग्राम ही रुग्णालये, नागपूरचे शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधले एम्स सोयीचे. पुसद-उमरखेडकरांना नांदेड जवळ. पांढरकवड्याहून बरेच जण महामार्गाने सरळ हैदराबाद गाठतात. निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: दुर्बिणीचे वार कोणते, आरयूटीचे किट आहे का, तुकडा कुठे तपासला जातो, आणि गरज असेल तर एनबीआय किंवा एलसीआयची सोय आहे का.

रिपोर्ट हाती आल्यावर

‘गॅस्ट्रायटिस’ हा शब्द जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये असतो. त्याचा अर्थ सूज एवढाच. त्याखाली आरयूटीचा निकाल आणि तुकडे कुठून घेतले हे पाहा. फक्त ‘एनबीआयखाली संशयास्पद’ लिहिले असेल आणि तुकडा घेतलेला नसेल, तर औषध सुरू करण्याआधी श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची तपासणी मागा. श्वासाची तपासणी कार्बन-१३ आणि कार्बन-१४ अशी दोन प्रकारची असते. दुसरीत अगदी अल्प किरणोत्सर्ग असतो, म्हणून गरोदर बाईला आणि मुलांना ती देत नाहीत.

ॲट्रोफी किंवा मेटाप्लासिया बऱ्याच भागात पसरलेला आढळला तर जंतू गेल्यावरही साधारण तीन वर्षांनी दुर्बीण करावी लागते. ती शक्यतो एनबीआयसारख्या सोयीची असावी. जठरात अल्सर असेल तर तो भरला का हे पाहायला दोन-तीन महिन्यांत दुर्बीण परत होते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरला बहुधा तिची गरज पडत नाही.

औषध आणि त्यानंतर

पर्थ इथे १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, २००५ साली त्यांना नोबेल मिळाले; तरी आपल्याकडे अल्सरचा दोष अजून ठेच्याला आणि टेन्शनला दिला जातो. तिखट सोडल्याने जळजळ कमी होईल, जंतू जाणार नाही. त्यासाठी पित्ताच्या गोळीबरोबर दोन किंवा तीन औषधे लागतात, सहसा १४ दिवस. मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन आपल्या देशात इतकी वापरली गेली आहेत की अनेकांमध्ये ती लागू पडत नाहीत. आधी कोणती अँटिबायोटिक्स घेतली ते डॉक्टरांना सांगा आणि मेडिकलमधून परस्पर सात दिवसांचे किट आणू नका.

- सहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबू नका. अर्धवट औषधाने उरलेला जंतू पुढच्या वेळी अधिक हट्टी होतो.
- मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना आणि नंतरचे तीन दिवस दारू वर्ज्य.
- बिस्मथने शौच आणि जीभ काळी होते. ते ठीक आहे. चिकट, घाण वासाचे काळे शौच आणि चक्कर मात्र रक्तस्रावाची खूण.

औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, ‘प्राझोल’ दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात. दुखणे थांबले म्हणजे जंतू गेला असे नसते, आणि गेला नसेल तर दुसरी औषधे द्यावी लागतात.

पैसे, कागद आणि हक्क

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे शासकीय दराने शुल्क लागू शकते, पावती घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर केलेली साधी दुर्बीण तीत बहुधा बसत नाही, पण रक्तस्रावाने दाखल झालात तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लगेच भेटा.

- तपासणी कशासाठी, धोके काय, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितल्यावरच संमतीपत्रावर सही करा. कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर घरचे माणूस थांबू द्या असे सांगा.
- खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी, असे राज्याचे २०२१ साली सुधारलेले शुश्रूषागृह नियम सांगतात. एनबीआयचे वेगळे पैसे लावणार असतील तर ते आधी विचारा.
- स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर दुसरी स्त्री हजर ठेवण्याचा आग्रह धरता येतो.
- औषधे आणि लॅब कुठली निवडायची हा तुमचा अधिकार आहे.
- मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. फक्त छापील रिपोर्ट नको. दुर्बिणीतले फोटो, एनबीआयचे असतील तर तेही, आणि तुकड्याची स्लाइड किंवा ब्लॉक हवा असल्यास तोही मागा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर त्यांना हेच लागते.

तक्रार असेल तर आधी रुग्णालयाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. पैसे जास्त घेतल्याचा किंवा हलगर्जीचा प्रश्न असेल तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येते.